मुदत टळली की दावा गेला

हातउसने दिलेले पैसे परत मागायचा माणसांना संकोच वाटतो. घेणारा बहुधा नात्यातला किंवा ओळखीचाच असतो. ‘देतो, देतो’ म्हणता म्हणता चौथे वर्ष लागते, आणि मग गाठ वकिलाशी पडते. वकील आधी रक्कम विचारत नाही, तारीख विचारतो.

या तारखेला किती वजन असते, ते लखनौमध्ये सगळ्या देशाने पाहिले. अयोध्येच्या जागेचे दावे मूळचे फैजाबादच्या दिवाणी कोर्टातले. 1989 मध्ये ते अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाकडे आले आणि 30 सप्टेंबर 2010 रोजी त्यांचा निकाल लागला. श्रद्धा आणि इतिहास यांच्याबरोबर तिथे एक रुक्ष प्रश्नही होता : दावे मुदतीत होते का? त्या वेळी 1908 चा मुदतीचा कायदा लागू होता. निर्मोही आखाड्याचा दावा डिसेंबर 1959 चा. सरकारी रिसीव्हरने जागा हाती घेतली जानेवारी 1950 मध्ये. आखाड्याची मागणी मुख्यतः देखरेखीची ठरली. तिला मुदत 6 वर्षांची, म्हणून दावा मुदतबाह्य. सुन्नी वक्फ बोर्डाचा दावा 18 डिसेंबर 1961 चा. तोही लखनौच्या 3 पैकी 2 न्यायमूर्तींनी मुदतबाह्य ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र 9 नोव्हेंबर 2019 रोजी तो मुदतीत धरला. हा ताब्याचा दावा, म्हणून मुदत 12 वर्षांची, आणि ती 22-23 डिसेंबर 1949 च्या रात्रीपासून मोजायची. म्हणजे हातात उरले होते जेमतेम चार-पाच दिवस! जागा शेवटी बोर्डाला मिळाली नाही, हे खरे. पण निदान त्याचे म्हणणे गुणदोषांवर तपासले गेले.

आजचा कायदा 1963 चा, आणि तो लखनौला जसा तसाच लातूरला. उसनवारी, करारभंग, मालाची थकबाकी यांना साधारण 3 वर्षे. मालकीहक्काच्या जोरावर घर-जमिनीचा ताबा मागायला 12 वर्षे. बदनामीच्या भरपाईला अवघे 1 वर्ष. नुसती रजिस्टर्ड नोटीस पाठवली की मुदत वाढते, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. अपिलाला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून तो माफ करून घेता येतो; मूळ दाव्याला ती सवलत नाही. समोरच्याने हरकत घेतली नाही तरी मुदतबाह्य दावा कोर्टाला फेटाळावाच लागतो.

वाट आहे, पण ती मुदत संपण्याआधीच. ‘तुमचे वीस हजार माझ्याकडे आहेत, दिवाळीला देतो,’ असे देणेकऱ्याने सहीनिशी लिहून दिले की त्या तारखेपासून नव्याने 3 वर्षे मिळतात. तोंडी कबुलीला ही किंमत नाही. मुदत संपली तरी देणे मात्र पुसले जात नाही. देणेकऱ्याने आपणहून पैसे दिले तर ते परत मागता येत नाहीत, आणि जुने देणे फेडण्याचे नवे लेखी, सहीचे वचन दिले तर ते त्याला बांधते.

अज्ञानाचे घड्याळ थोडे वेगळे चालते. वडिलांच्या माघारी लहान मुलाची जमीन कोणी बळकावली, तर मूळची 12 वर्षे आधीच सरली असली तरी सज्ञान झाल्यावर त्याला दाव्यासाठी 3 वर्षे मिळतात. अठरावा वाढदिवस उलटला, की एकविसाव्याच्या आत कोर्टाची पायरी चढावी लागते.