राजाची दुसरी बायको

१९१३ साली बाबासाहेबांना अमेरिकेत शिकायला धाडणारे बडोद्याचे सयाजीराव आपल्याला ठाऊक आहेत. त्यांचे नातू प्रतापसिंहराव यांनी १९४३ साली पिठापुरमच्या राजकन्या सीतादेवींशी दुसरे लग्न केले. बाईंचा नवरा हयात होता; इस्लाम स्वीकारून त्यांनी ते लग्न मोडून घेतले. पण बडोद्यात दुसरी बायको करायला कायद्याने बंदी होती. कायदा मला लागू नाही, असे महाराजांचे म्हणणे! इंग्रज सरकारने मात्र सीतादेवींना ‘हर हायनेस’ म्हटले नाही.

आपल्या यवतमाळकडेही मूल होत नाही म्हणून दुसरी आणतात. हार घातले, पंगत उठली, की लग्न झाले असे त्या बिचारीला वाटते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात बौद्धही येतात. पहिली हयात, फारकत नाही, तर दुसरे लग्न मुळातच रद्द. लेकरे तेवढी औरस धरतात.