वऱ्हाड दापोलीला निघताना
मे महिन्यात आपल्या वस्त्यांतून दापोली-मंडणगडकडे मंगल परिणयाला वऱ्हाडं निघतात. चाकणची रात्रपाळी करून आलेल्या पोरालाच ताम्हिणी घाटात गाडी चालवायला बसवतात, तेही मालवाहू टेम्पोत माणसं भरून. हे थांबलं पाहिजे. भाडं वाचतं, पण अपघात झाला तर विम्याची भरपाईही अडकते. डीजे नको, प्रवासी गाडी आणि झोप पुरी झालेला ड्रायव्हर घ्या. उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी, ड्रायव्हरने मुळीच नाही. तिने झोप येते. किनाऱ्यावर दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापतं. लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घालून सोबत ठेवा. रमाईंचं वणंद दापोलीजवळच आहे. म्हाताऱ्यांना न्यायचं तर ऊन चढायच्या आत न्या.