गाडीखालून : बसला म्हणजे जुळला का?

पद्मिनीच्या किंवा अँबेसेडरच्या मागच्या बाकावर तिघे बसले, की मधल्याने पाय कुठे ठेवायचे हा तंटा ज्या घरात झाला नाही असे घर विरळाच. तळाच्या मधोमध तो उंचवटा असे ना! घरातल्या सर्वांत धाकट्याच्या वाट्याला तो यायचा आणि पुण्यापर्यंत बिचाऱ्याचे गुडघे हनुवटीला लागायचे. त्या उंचवट्याखाली काय असते, असे मात्र सहसा कोणी विचारीत नसे. तिथे असे प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे पुढच्या गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत फेऱ्या पोचवणारा पोकळ पोलादी दांडा. आजच्या बहुतेक लहान मोटारींत पुढचीच चाके गाडी ओढतात, म्हणून तो दांडाही गेला आणि ते भांडणही मिटले.

जुन्या मोटारींच्या हौशी मंडळींना मात्र हा दांडा अजून चांगलाच छळतो. माझा एक भाचा अमेरिकेत मिशिगन राज्यात असतो. त्याने १९६६ सालची एक फोर्ड मस्टँग घेतली. ही मोटार १९६४ च्या एप्रिलमध्ये बाजारात आली आणि तिची बांधणी प्रथम त्याच राज्यातल्या डिअरबॉर्नला झाली. तेव्हा गाडी माहेरीच राहिली म्हणायची. तिला चार गिअरांचा जुना बॉक्स होता. तिकडच्या मोठ्या रस्त्यांवर चौथ्या गिअरमध्ये इंजिन सारखे ओरडत राहते, म्हणून तो काढून त्या जागी १९८३ पासूनच्या मस्टँगांत येऊ लागलेला पाच गिअरांचा 'टी-फाइव्ह' बसवायचा, असा त्याचा बेत. उन्हाळ्यात माझी ताई आणि भाऊजी त्याच्याकडे जायचे होते. त्यांना त्याच गाडीतून तळ्याकाठच्या गावांना फिरवून आणायचे, हीही हौस.

त्याचे पत्र आले : "मामा, गिअरबॉक्स चढला. गाडीचा मूळ शाफ्ट गंजला होता म्हणून एक जुना विकत घेतला. दाते जुळले, शाफ्ट बसला, बोल्ट आवळले. आता फक्त रंग राहिला!"

मी लगोलग कळवले, "अरे, रंग राहू दे. बसला म्हणतोस, पण जुळला का?"

दात्यांपुरते त्याचे खरे होते. गिअरबॉक्सच्या मागच्या दांड्यावर उभ्या खाचा असतात आणि शाफ्टच्या पुढच्या टोकाचा योक त्यांवर मागेपुढे सरकतो. लहान व्ही-आठ इंजिनामागच्या जुन्या चार गिअरवाल्याला अठ्ठावीस खाचा आणि टी-फाइव्हलाही अठ्ठावीसच. पत्रिकेत छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले की आपल्याकडे लगेच सुपाऱ्या फुटतात, तसेच इथेही होते. फोर्डच्या सुदैवाने या जोडीत मूळ शाफ्ट पुष्कळदा जसाच्या तसा चालतोही. पण हा नियम नव्हे. ४२८ घनइंचांच्या थोराड इंजिनामागे एकतीस खाचांचा बॉक्स येई आणि नंतरच्या काळात नवा मिळत असे तो ट्रेमेकचा टीकेओ जातीचा बॉक्सही एकतीसचाच. शिवाय आतल्या खाचा जुळूनही योकची बाहेरची जाडी गिअरबॉक्सच्या बुशात आणि ऑइल सीलात नेमकी बसावी लागते; नाही तर तेल गळते ते गळतेच.

खरी मेख लांबीत असते. मागचा एक्सल स्प्रिंगांवर झुलतो. रस्त्यात खड्डा आला की एक्सल वर उचलला जातो आणि गिअरबॉक्सपासूनचे त्याचे अंतर बदलते. ही घटबढ सोसण्यासाठीच तो सरकता योक. म्हणून माप घ्यायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. जॅकवर टांगून चाके लोंबत ठेवून घेतलेले माप कुचकामाचे. योक आत टेकेपर्यंत ढकलायचा, मग पाऊण ते एक इंच मागे ओढायचा, आणि पुढच्या क्रॉसच्या मध्यापासून मागच्या क्रॉसच्या मध्यापर्यंत टेप धरायची. क्रॉस म्हणजे दोन्ही टोकांचे ते फुलीसारखे सांधे. आपल्या गॅरेजांतले पोऱ्येही याच नावाने ओळखतात.

भाच्याने गाडी खाली उतरवून मोजले. मोकळी जागा निघाली जेमतेम पाव इंच! गाडी उभी होती म्हणून शाफ्ट बसला होता. मागच्या बाकावर ताई-भाऊजी, डिकीत सामान आणि पुढे एखादा दणदणीत खड्डा, की तो दांडा घणासारखा गिअरबॉक्सच्या पाठीत बसला असता. आतले बेअरिंग फुटते, कधी मागचे कवचही तडकते. दांडा आखूड पडला तर त्याहून वाईट. योकची पकड अपुरी पडते, खाचा झिजतात आणि एखाद्या वेळी योक निसटतोच. पुढचे टोक रस्त्यात रुतले तर धावती गाडी बांबूवरून उडी घेणाऱ्या खेळाडूसारखी उचलली जाते. तिकडच्या शर्यतींत वेगवान गाड्यांना शाफ्टभोवती पोलादी कडे सक्तीचे असते ते उगाच नाही.

लांब दांडा कापून आखूड करता येतो. आखूड असेल तर नवी नळीच घालावी लागते. पण हे काम कोपऱ्यावरच्या वेल्डरचे नव्हे, हे मी त्याला दोनदा बजावले. दोन्ही टोकांचे कान एकाच पातळीत यावे लागतात, आणि त्यामागे कारण आहे. क्रॉस वाकून फिरला की फेरी एकसारखी राहत नाही. दहा अंशांच्या वाकात पुढून १००० फेऱ्यांची सरळ चाल आली, तर सांध्यापलीकडे ती प्रत्येक फेरीत दोनदा ९८५ पर्यंत उतरते आणि दोनदा १०१५ पर्यंत चढते. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा हेलकावा उलटा करून फेडतो. मात्र कान एका पातळीत आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तरच. कोन एक ते तीन अंश ठेवावा; अगदी शून्यही नको, कारण मग क्रॉसमधल्या बारीक सुया फिरत नाहीत, एकाच जागी खड्डे पाडतात.

भाच्याचा पुढचा प्रश्न मार्मिक होता. "पाचव्या गिअरमुळे इंजिन सावकाश फिरणार, मग शाफ्टलाही आराम नाही का?" नाही! शाफ्टची चाल इंजिनावर नव्हे, रस्त्यावरच्या वेगावर आणि एक्सलच्या प्रमाणावर ठरते. पंचवीस इंची चाके आणि ३.०० चा एक्सल धरला तर ताशी साठ मैलांना शाफ्टच्या मिनिटाला सुमारे २,४२० फेऱ्या होतात. गिअर चौथा असो की पाचवा. पाचव्यात, ०.६८ च्या प्रमाणाने, इंजिन तेवढे १,६५० वर उतरते. ते फारच मंद वाटते म्हणून लोक एक्सलचे दाते बदलून ३.५५ करतात. भाच्यानेही जुन्याच कवचात ते करून घेतले. आता शाफ्टच्या फेऱ्या २,८६० वर गेल्या. म्हणजे इंजिनाच्या सुखासाठी दांड्याचे कष्ट वाढले. लांब दांड्याला ठरावीक चालीच्या पुढे दोरीउड्यांच्या दोरीसारखा मध्ये फुगवटा येऊ लागतो, आणि लांबी दहा टक्के वाढली तर ती मर्यादा सुमारे सतरा टक्क्यांनी खाली येते. म्हणून कापून जोडल्यावर यंत्रावर फिरवून तोल साधून घेणे टाळू नये.

शाफ्टवाल्या कारखान्याने पाऊण इंच कापून, कान जुळवून, तोल साधून दिला. तरी पंचावन्न मैलांना बुडाखाली गुरगुर होतीच. मी कळवले, त्याच वेगाला क्लच दाबून गिअर न्यूट्रल कर. गुरगुर थांबली तर दोष इंजिनाकडचा, तशीच राहिली तर शाफ्टचा नाही तर चाकांचा. तशीच राहिली. चाकांचा तोल ठीक निघाला. मग कोन मोजले. नवा गिअरबॉक्स शेपटाकडे खाली झुकला होता आणि पुढचा कोन मागच्याहून दोन अंशांनी जास्त होता. आडपट्टी आणि गिअरबॉक्सचे रबर यांच्यामध्ये पोलादी पत्र्याच्या चकत्या घालून शेपूट उचलले, तशी गुरगुर गेली.

ताई-भाऊजी चार दिवस फिरून आले. भाऊजींची तक्रार एकच, की पोरगा बेताने चालवतो म्हणतो आणि काटा मात्र सत्तरीवर! तो काटा खोटे बोलतो आहे. एक्सल बदलला, पण गिअरबॉक्सच्या शेपटातले स्पीडोमीटरचे इवलेसे दातेरी चाक जुनेच राहिले. ते किती दात्यांचे घ्यावे, याचे गणित दिवाळीनंतरच्या अंकात.