चाकाचे माप आणि प्रतिष्ठेचे मोल

मध्यमवर्गीय कुटुंबात मोटार येते ती बहुधा कर्जाचे हप्ते सोबत घेऊनच. रंग कोणता, इंधन कोणते, हप्ता किती, यांवर घरात आठवडेच्या आठवडे खल होतो; परंतु ज्या चार चाकांवर ती मोटार आणि घरातील माणसे विसंबून असतात, त्या चाकांच्या मापाचा विचार क्वचितच होतो. झालाच तर तो एवढाच, की चाक जितके मोठे तितकी गाडी रुबाबदार. ही समजूत विक्रेत्याला सोयीची आहे. खरेदीदाराला मात्र ती महाग पडते.

वस्तुतः चाकाचे माप ही काही गुप्त विद्या नव्हे. ते टायरच्या अंगावरच उमटवलेले असते. ‘१६५/८० आर १४’ याचा अर्थ असा, की टायरची रुंदी १६५ मिलिमीटर, त्याच्या बाजूच्या भिंतीची उंची या रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर, आणि रिमचा व्यास १४ इंच. ‘आर’ हे अक्षर रेडियल बांधणीचे. आता १५ इंची रिमवर १८५/६५ किंवा १६ इंची रिमवर १९५/५५ मापाचा टायर घेतला, तर कोणत्याही विद्यार्थ्याने आकडेमोड करून पाहावी : तिन्ही चाकांचा बाहेरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटरच भरतो. मग वाढले काय? वाढला तो केवळ धातू. घटली ती रबराची भिंत. १३२ वरून ती १०७ मिलिमीटरवर आली. ही भिंत आणि तिच्या आतील हवा म्हणजेच गाडीची उशी. खड्ड्याचा पहिला आघात तीच सोसते. ती आखूड झाली, की तो आघात रिमला, सस्पेन्शनला आणि अखेरीस प्रवाशांच्या पाठीला सोसावा लागतो.

मोठ्या रिमच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नाही, असे नव्हे. बुटक्या भिंतीचा रुंद टायर वळणावर कमी लवतो. मोठ्या रिमच्या आत मोठे ब्रेक मावतात. गुळगुळीत द्रुतगती मार्गावर धावणाऱ्या शक्तिमान गाडीला हे गुण उपकारक ठरतात. परंतु पावसाळ्यात खड्डे चुकवीत घर ते कचेरी अशी ये-जा करणाऱ्या छोट्या गाडीला त्यांचा उपयोग काय? २०१४ साली जिचे उत्पादन थांबले, त्या ॲम्बॅसडरची रिमही १५ इंचांची होती. पण तिच्यावर उंच भिंतीचा टायर असे. ते मोठेपण रस्त्यासाठी होते. उलट १९८३ साली अवतरलेल्या मारुती ८०० ने अवघ्या १२ इंची रिमवर लक्षावधी कुटुंबांना प्रवास घडविला. त्यांपैकी कोणाची प्रतिष्ठा त्यामुळे उणावल्याचे ऐकिवात नाही.

थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली. काही वस्तूंची मागणी त्यांच्या उपयुक्ततेतून नव्हे, तर इतरांच्या नजरेतून निर्माण होते, हे त्याने दाखवून दिले. आजचे चकचकीत अलॉय चाक हे त्याचे बोलके उदाहरण होय. त्यातच अनेकदा एखादी खरोखर उपयुक्त सोय हवी असेल, तर गाडीचा वरच्या किमतीचा प्रकार घ्यावा लागतो, आणि त्यासोबत मोठी चाके नको असतानाही गळ्यात पडतात. खरेदीची किंमत हा तर केवळ पहिला खर्च. टायर झिजल्यावर मोठ्या मापाचे चार टायर पुन्हा घ्यावे लागतात, तेव्हा त्या रुबाबाचे बिल नव्याने येते.

याहून गंभीर चूक म्हणजे गाडी घेतल्यानंतर बाजारातून मनाला येईल त्या मापाची चाके बसविणे. वरील गाडीलाच १९५/६५ आर १६ टायर बसविला, तर बाहेरचा व्यास सुमारे सहा टक्क्यांनी वाढतो. वेगदर्शक काटा चाकाच्या फेऱ्या मोजतो. एरवी अचूक असलेला काटा शंभर दाखवील तेव्हा गाडी ताशी १०६ किलोमीटर वेगाने धावत असेल. शिवाय चाक मडगार्डला घासण्याचा धोका असतोच. उत्पादकाने ठरविलेल्या मूळ स्वरूपात परस्पर बदल करण्यावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने निर्बंध घातले आहेत, ते उगाच नव्हेत.

तेव्हा योग्य माप कोणते, या प्रश्नाचे उत्तर दूर शोधायला नको. बहुतेक गाड्यांत ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर, हवेच्या दाबासह, छापलेले असते. एकाच गाडीला उत्पादकाने दोन मापे सुचविली असतील, तर आपल्याकडच्या रस्त्यांवर लहान रिमचे आणि उंच भिंतीचे माप निवडण्यातच शहाणपण आहे. उत्पादकांनीही सोयीसुविधा आणि चाकांचे माप यांची जोडविक्री थांबवून निवड ग्राहकाकडे सोपवावी. रस्ते सुधारण्याची जबाबदारी शासनाची आणि नगरपालिकांची आहेच, आणि त्यासाठी त्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण ते सुधारेपर्यंत खड्ड्यांशी गाठ रबराची घालावी की धातूची, हे ठरविणे ज्याच्या त्याच्या हाती आहे. नाकापेक्षा मोती जड झाला, तर दुखते ते नाकच.