आभाळ पाहूनच पाऊल उचलावे

मागच्या आठवड्यात वस्तीतील एक माय आमच्याकडे आली. पोरगा बारावी झालेला. "भाऊ, पोरगं इमान शिकायले जातो म्हनते. वारा-पानी आलं तं कसं करन?"

आम्ही कारकून माणसे, आमचा हात जमाखर्चात चालतो. तरी माहिती काढली. इतर आईबापांनाही ती उपयोगी पडेल.

खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी वय १७ पूर्ण व किमान ४० तासांचे उड्डाण लागते. पण विमान उडवण्याआधी आभाळ वाचायला शिकावे लागते. हवामान खाते विमानतळावरील वारा, ढग, तापमान यांची माहिती ठराविक वेळाने देत असते. ती पाहिल्याशिवाय निघायचे नाही. ढग ४५० मीटरांपेक्षा खाली असले किंवा ५ किलोमीटरपर्यंतचे दिसत नसले, तर नजरेच्या भरवशावर उडण्यास सामान्यतः परवानगी नसते.

असे का? ढगात शिरल्यावर जमीन दिसेनाशी होते आणि कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा फसते. विमान कलते, माणसाला मात्र ते सरळच वाटते. आपल्या विदर्भातील उन्हाचाही त्रास आहे. हवा तापली की विरळ होते, इंजिनाचा जोर घटतो, पंखांना आधार कमी मिळतो व उडण्यास धावपट्टी जास्त लागते.

कायद्याची मर्यादा सर्वांना सारखी असते. नवशिक्याने आपली मर्यादा त्याहून कडक ठेवावी. कायदा ५ किलोमीटर म्हणत असेल, तर आपण ८ धरावे. वारा किती चालेल, इंधन किती शिल्लक हवे, हे शिक्षकांना विचारून आदल्या दिवशी शांत डोक्याने लिहून ठेवावे. ऐन वेळी ती मर्यादा वाढवून कडक करता येते, सैल करता येत नाही.

जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन विमान जुहूला उतरवले. पण पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलाने भरे, तेव्हा त्यांची विमाने पुण्याहून चालत. एवढ्या मोठ्या माणसानेही पावसापुढे हट्ट धरला नाही.

खरा धोका घरातूनच सुरू होतो. कर्ज काढून फी भरलेली असते, पाहुणे बघायला आलेले असतात. पोराला वाटते, आज उडालेच पाहिजे. आम्हीही एकदा सभेच्या घाईत पुलावरून पाणी वाहणाऱ्या नाल्यात गाडी घालणार होतो. मागे फिरलो तेव्हा मंडळी हसली. पण घरी पोहोचलो.

आम्ही त्या मायला एवढेच सांगितले, "पोराले जाऊ द्या. पन तो एखाद्या दिवशी न उडता घरी आला, तं त्याले डरपोक म्हनू नका. चहा करून द्या."