कादंबऱ्या दोन, सिनेमा एक

छोट्या वाचनालयाला पुस्तक आणि सिनेमा यांवर एकत्र चर्चा ठेवायची असेल, तर ‘सिंहासन’सारखा विषय नाही. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या विजय तेंडुलकरांनी एका पटकथेत गुंफल्या आणि १९७९ मध्ये जब्बार पटेलांनी त्यावर चित्रपट केला. वादाला मुद्दे आयतेच मिळतात: काय गाळलं, काय जोडलं, कोणाचं पात्र आक्रसलं? पुस्तकवाले पानं उलटून दाखले देणार. सिनेमावाले अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री आणि निळू फुले यांचा पत्रकार दिगू पुढे करणार. सामग्री मोजकीच: प्रोजेक्टर, पांढरा पडदा, सतरंज्या, चहा आणि खेळाची रीतसर परवानगी. मात्र कादंबऱ्यांच्या प्रती महिनाभर आधी सभासदांत फिरवायला हव्यात, नाहीतर सगळी सभा आजच्या राजकारणावर घसरते.