मुकी टिपणे

१९५० साली बाबासाहेबांनी महाविद्यालय उघडले, त्या छत्रपती संभाजीनगरात आपले अंध मूल उच्च शिक्षण घेत असेल, तर हे अवश्य वाचा. मोबाइलमधील वाचनप्रणाली अक्षरे बोलून दाखविते. परंतु टिपणांची छायाचित्रे आली, की ती मुकी होते. तिच्या लेखी ते चित्र, मजकूर नव्हे! जुन्या मराठी फाँटमधील मजकूर तर ती भलताच वाचते. युनिकोडमध्ये टंकलेली प्रत मागणे ही याचना आहे काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ४२ सुगम्य मजकुराची जबाबदारी शासनावर टाकते. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुगम्यता घटनेच्या कलम २१ चाच भाग मानली. म्हणून तोंडी विनवण्या नकोत. प्राचार्यांस लेखी अर्ज द्या, पोच घ्या. उत्तर न आल्यास पुण्यास राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.